साय न धरणारी नळी

१२ जुलै १९८६, शनिवार

औषध कंपनीच्या एजंटानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरीच होती. बायकोनं, कुसुमनं, तिच्यावर दुधाचं गरम भांडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा मला डायरीची कीव आली. पहिल्या पानावर रीतसर लिहून टाकलं: गुणवंता रामटेके, लॅब टेक्निशियन, सरकारी दवाखाना, सौंसर. वय अडतीस. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. रक्तदान अकरा वेळा.

लिहायला कारणही तसंच घडलं. नागपूरहून नव्या आलेल्या डॉक्टर, स्मिता बोबडे मॅडम, यांनी आज बोलावून सांगितलं, "गुणवंताजी, आपल्याला चाळीस दारू पिणारे हवेत."

मी म्हटलं, "चाळीस काहून मॅडम, चारशे घ्या. बाजाराच्या दिवशी नुसतं दारात उभं राहा."

त्यांचं म्हणणं असं, की पिणाऱ्याचं लिवर बिघडतं पण त्याला कळत नाही. डोळे पिवळे झाले की तो दवाखान्यात येतो, तोवर उशीर झालेला असतो. रक्त मात्र आधीच चुगली करतं. दारूमुळे लिवर भरमसाट चरबी बनवून रक्तात सोडायला लागतं. मग रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी सुटतं, म्हणजे सीरम, ते दुधासारखं गढूळ दिसतं. चाळीस पिणाऱ्यांचं आणि दहा न पिणाऱ्यांचं सीरम शेजारी ठेवून पाहायचं. वेळेत पकडलं आणि त्यानं सोडली, तर माणूस वाचतो.

न पिणाऱ्यांत पहिलं नाव मी माझंच सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं.

१६ जुलै

दिवसभर सुया उकळल्या, नळ्या धुतल्या. संध्याकाळी मुकुंदकडे बसलो. मुकुंद आमचा कंपाउंडर. कुणी याला पिणं म्हणेल तर म्हणो. पिणारे गुत्त्यावर उभ्याउभ्या पितात आणि नालीत पडतात. आम्ही बसतो. भाजलेले शेंगदाणे असतात, कांदा असतो, देशाच्या कारभारावर बोलणं होतं. रोज बसतो, पण रोज उठून घरीही येतो.

१९ जुलै, शनिवार

आज सोळा नळ्यांतल्या अकरा पांढऱ्याफटक! मी धावत मॅडमकडे गेलो, की एका दिवसात अकरा सापडले. मॅडमनी रांगेतल्या एका आजीला विचारलं, "आजी, तुम्ही घेता का हो?" आजीनं राम राम म्हणत दोन्ही कान धरले.

मग उलगडा झाला. आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं, उपाशी या. आज शनिवार, जामसावळीच्या मारुतीचा. अर्धी रांग उपाशीच होती, म्हणजे उपासाची होती. तुपातली साबुदाण्याची खिचडी, भगर, वर शेंगदाण्याची आमटी.

"उपाशी आहो म्हणून तं सांगून राहिली तुले," आजी माझ्यावरच खेकसली. "उपासाचं खाल्ल्यानं उपास मोडते का रे?"

तिचं चुकलं नाही, आमचं विचारणं चुकलं. आता एकच प्रश्न: सकाळपासून तोंडात काय काय गेलं?

२१ जुलै

आषाढी पौर्णिमा. विहारात पंचशील माझ्यामागे सगळे म्हणतात, कारण आवाज माझा मोठा. कुसुम बायकांच्या पहिल्या रांगेत असते. चार शीलं खणखणीत म्हणते. पाचव्याला, मद्य न घेण्याच्या शीलाला, तिचा आवाजच निघत नाही. गेल्या पौर्णिमेलाही असंच झालं. घसा दाखवून घ्यायला हवा.

२४ जुलै

मॅडम हुशार बाई आहे. त्यांनी तोडगा सांगितला. नळी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवायची. जेवणातून आलेल्या चरबीचे कण मोठे, ते वर येऊन साय धरतात आणि खालचं पाणी स्वच्छ होतं. लिवरनं बनवलेली चरबी बारीक, ती वर येतच नाही. नळी वरपासून खालपर्यंत गढूळ राहते.

"म्हणजे साय धरली तं साबुदाणा, नाई धरली तं दारू," मी म्हटलं.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, साखरेच्या आजारात आणि काही घराण्यांतही असं होतं, म्हणून साखर तपासायचीच. पण घोषणा चांगली आहे.

पहिलाच मासा गळाला लागला तो मोहगावचा सुखदेव. संत्र्याच्या बागेत मजूर, वय बत्तीस. डोळे अजून पांढरे, पण पोटाच्या उजव्या बाजूला मॅडमच्या बोटांना वाढलेलं लिवर लागतं. काल म्हणाला, अन्नाचा कण नाही पोटात. नळीत दूध. आज सकाळी पाहतो तर साय नाही, साखर नॉर्मल. शेजारी आमच्या शकुंतला सिस्टरची, खिचडी खाऊन दिलेल्या रक्ताची नळी होती, तिच्यात बोटभर साय.

"खोटं कायले बोलला रे?" मी दरडावलं.

"खोटं नाई जी. खाल्लंच नाई. पेलो." सुखदेव भाबडेपणानं म्हणाला. "पेलेलं खाण्यात धरते का?"

मी नळी त्याच्यापुढे धरली. "हे तुयं रक्त होय. वाचाचं असन तं आजच सोड. मनाचा ताबा पाह्यजे फक्त. मायाकडे पाह्य."

तो नळीकडे पाहत राहिला. त्याची बायको पुष्पा दारात उभी होती, ती आत आली आणि तीही पाहायला लागली. सुखदेव म्हणाला, "सोडतो." मला भरून आलं. संध्याकाळी मुकुंदकडे या विजयाबद्दल थोडं जास्तच बसणं झालं.

२९ जुलै

न पिणाऱ्यांची यादी सुरू केली. काल माझं रक्त काढलं. सीरम पांढरं. परवा मुकुंदकडे मटण होतं, त्याचंच ते. नळी रात्री फ्रीजमध्ये ठेवली. साय धरली नाही, पण मध्ये दोन तास लाईट गेली होती. फ्रीज थंडच नसेल तर साय कशी धरणार? शेजारच्या दोन नळ्यांत धरली होती, पण त्या मागच्या बाजूला होत्या. तिथे गारवा जास्त असतो.

७ ऑगस्ट

सुखदेव दोन आठवड्यांनी आला. नळीतलं दूध गेलं, ताकाच्या निवळीसारखं झालं! मी त्याला खुर्चीवर उभं करून सगळ्या रांगेला दाखवला. पिणाऱ्यांचा आकडा एकोणतीस. त्यांतले सहा जण त्याची नळी पाहून तिथेच सोडतो म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "गुणवंताजी, माझ्या पंधरा गोळ्यांपेक्षा तुमची एक नळी भारी आहे." आयुष्यात इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

११ ऑगस्ट

पुन्हा माझं रक्त काढलं. मटण नाही, लाईट गेली नाही. साय नाही.

साखर तपासली. आमच्या मावशीला साखर होती, म्हणजे घराण्यात आहे. साखर बिलकुल नॉर्मल आली. नॉर्मल साखरेला शिव्या देणारा जगात मी एकटाच असेन.

१३ ऑगस्ट

मॅडमनी न पिणाऱ्यांच्या नळ्या मागितल्या. घरी जाऊन कुसुमला म्हटलं, तुझं रक्त कमी वाटतं, पाहू दे. तिनं हात पुढे केला. काही विचारलं नाही. तिचं सीरम इतकं स्वच्छ, की नळीमागे धरलेलं वर्तमानपत्र वाचता यावं. तिच्यावर चिठ्ठी लावली: गु. रा., न पिणारा, क्रमांक एक.

हे फक्त वेळ मारून नेण्यापुरतं. महिन्याभरात माझी नळी आपोआप साफ होईल, मग बदलून टाकीन.

मॅडम म्हणाल्या, "सुंदर नळी आहे."

२० ऑगस्ट

आज तोंडघशी पडलो. लोधीखेड्याचे रघुनाथराव, कापसाचे व्यापारी, जुने गिऱ्हाईक. इंग्रजीच घ्यायचे. त्यांची नळी पूर्वी दुधाळ असायची. आज पाहतो तर पारदर्शक. कोलेस्टेरॉल तपासायला लावलं, दोनशे साठवरून नव्वदवर आलेलं. मी ओरडलोच, "रघुनाथराव, जिंकले तुम्ही! पेढे पाह्यजेत!" ते म्हणाले, एक थेंब कमी केला नाही बाप्पा, तरी कसं काय? त्यांनी खरंच पेढे मागवले, दवाखानाभर वाटले.

मॅडमनी पेढा हातात घेतला, नळी पाहिली आणि पेढा खाली ठेवला. मला बाजूला नेऊन म्हणाल्या, "रंग पाहिला का?"

पाहिला नव्हता. पारदर्शक, पण हळदीच्या पाण्यासारखी पिवळी.

"दूध सुधारलं नाही गुणवंताजी, म्हैस आटली. चरबी बनवायचं बळसुद्धा त्यांच्या लिवरमध्ये उरलं नाही."

नुसती नळी स्वच्छ दिसणं पुरत नाही. हे मला कळायला हवं होतं.

२९ ऑगस्ट

रघुनाथराव नागपूरच्या दवाखान्यात वारले. रक्ताची उलटी झाली म्हणे. त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या मुलानं मला ओळखलं, म्हणाला, "पेढ्यावाले तुम्हीच ना?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मुकुंदकडे गेलो. प्यायलो.

हा शब्द मी लिहिला आहे. खोडत नाही.

३० ऑगस्ट

सकाळी आरशापुढे स्वतःला माझाच प्रश्न विचारला: काल संध्याकाळपासून तोंडात काय काय गेलं? उत्तर दिलं. उजव्या बरगडीखाली बोटं दाबली. लागतं.

माझ्या नळीवर माझं नाव लिहून ती ठेवली. साय धरणार नाही हे ठेवतानाच माहीत होतं.

मॅडमना सांगायचं ठरवून तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. नोकरीची भीती आहेच. त्याहून मोठी भीती ही, की सुखदेवला कळेल.

६ सप्टेंबर

पोळ्याच्या पाडव्याला पांढुर्ण्याच्या गोटमारीत, दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेत, आमची सगळ्यांची ड्यूटी लागली. जांब नदीच्या दोन काठांवरून दगड सुरू झाले तशी डोकी फुटलेली माणसं यायला लागली. एका पोराची मांडी फाटली होती, रक्त थांबेना. ओ पॉझिटिव्ह हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शकुंतला सिस्टरनं तर माझी बाही वर करायला घेतली. अकरा वेळा दिलेला माणूस मी.

तोंडातून निघून गेलं, "मायं नको."

मॅडम टाके घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ताप आहे का?"

हो म्हणता आलं असतं. म्हटलं, "साय नाई धरत मॅडम."

त्यांचा हात क्षणभर थांबला. बाकी कुणालाच काही कळलं नाही, शकुंतला सिस्टर म्हणाली, आता दुधाचं काय मध्येच. रक्त शाळेतल्या एका मास्तरांनी दिलं. पोरगा वाचला, आता तो पुढच्या वर्षी पुन्हा दगड मारायला जाईल.

परतताना जीपमध्ये सगळं सांगून टाकलं. बसणं म्हणजे काय तेही, आणि ती सुंदर नळी कुसुमची होती तेही. मॅडम चिडूनच म्हणाल्या, "नळी बदलली हे फार वाईट केलंत. माझं सगळं काम खोटं ठरलं असतं." मी मान खाली घातली. मोहगाव मागे पडल्यावर पुन्हा आवाज आला, "आपले पिणारे किती झाले?"

"एकोणचाळीस."

"मग मिळाला चाळिसावा. उद्या रक्त द्या. आणि कुसुमताईंची नळी त्यांच्या नावानं लावा."

मी रडलो. ड्रायव्हरसमोर.

११ सप्टेंबर

हातात नळी धरवत नाही, इतका थरकाप. मॅडमनी गोळ्या दिल्या आहेत आणि कुसुमला सांगून ठेवलं आहे, की असंबद्ध बोलायला लागलो तर लगेच आणायचं. कुसुम म्हणाली, "वीस वर्सं झाले असंबद्ध आयकून राहिली, समजन मले." आज तिच्यावर रागावलो नाही. घाम येतो, झोप येत नाही.

१६ सप्टेंबर

दहा दिवस. मुकुंद दारात आला. "काय यार, येत नाई? बस ना थोडा."

मी ओट्यावर होतो. म्हटलं, "बसूनच तं राहिलो. उभा दिसून राहिलो का तुले?"

तो गेल्यावर इतका घसा सुकला, की मडक्यातलं अर्धं पाणी संपवलं. पण गेलो नाही!

२७ सप्टेंबर

तीन आठवडे पूर्ण झाले, नळी अजून धुरकट. सकाळी फार खचलो. तेवढ्यात सुखदेव तपासणीला आला. स्टँडवरची चिठ्ठी अडखळत वाचली. चौथीपर्यंत शिकलेला आहे.

"हे कोनाचं जी?"

"मायं."

त्याची सर्वांत जास्त भीती होती. तो स्टूल ओढून समोर बसला आणि अगदी माझ्याच थाटात म्हणाला, "सकाळपासून तोंडात काय काय गेलं, सांगा बरं." मी सांगितलं, चहा, दोन पोळ्या, मॅडमची गोळी. "मंग कायले घाबरता? मायी नाई का झाली साफ? तुम्ही तं जास्त दिवस पेले, जास्त दिवस लागन." आणि म्हणाला, "मले तवा वाटे, हे साहेब लोक, यायले काय समजते. आता समजलं, तुमाले समजते."

चुलीत गेली माझी अब्रू. हा माणूस मला आज भावापेक्षा जवळचा वाटला.

१४ ऑक्टोबर

दसऱ्याला विहारात खूप गर्दी. पंचशील मी म्हणायला उभा राहिलो नाही, मागच्या रांगेत बसलो. दुसऱ्या कुणी तरी म्हटलं. पाचवं शील आलं आणि बायकांच्या रांगेतून कुसुमचा आवाज आला, सगळ्यांच्या वर.

घरी येताना विचारलं, "घसा बरा झाला का तुझा?"

"घशाले काई झालंच नोतं," ती म्हणाली. "तुम्ही मोठ्यानं म्हनत होते, मंग म्या कोनत्या तोंडानं म्हनू?"

ती चालताना माझ्या मागे नव्हती, बरोबरीनं होती.

९ नोव्हेंबर

मॅडमचा तक्ता बर्फात ठेवलेल्या वीस नळ्यांसह नागपूरला त्यांच्या सरांकडे गेला होता. उत्तर आलं. त्या नळ्या त्यांनी त्यांच्या मोठ्या मशीनवर तपासल्या, वीसच्या वीस आमच्याशी जुळल्या. सीरम वेगळं करायला हातानं फिरवायच्या यंत्रावर आणि जुन्या फ्रीजवर केलेलं काम! सर विचारतात, टेक्निशियन कोण? मॅडमनी माझं नाव कळवलं, आणि चाळीस नंबरचा रुग्ण कोण, तेही माझ्या परवानगीनं कळवलं. आता तालुक्यातल्या बाकी दवाखान्यांना मी ही पद्धत शिकवायची आहे. सुरुवात मोहगावपासून.

चाळिसांतले सतरा जण सोडून आहेत. सतरा! मॅडम म्हणाल्या, पाच मिळाले असते तरी मी नाचले असते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अकरा आठवडे झाले.

काल रक्त दिलं, मॅडमनी स्वतः काढलं. पोट दाबून पाहिलं, डावीकडून, उजवीकडून, श्वास घ्या, सोडा. मग म्हणाल्या, "लिवर लागत नाही." मी म्हटलं, नीट दाबा. त्या म्हणाल्या, आणखी दाबलं तर पाठ लागेल.

रात्रभर नळी फ्रीजमध्ये. सकाळी उजाडायच्या आत पोचलो, पण दार उघडवेना. रघुनाथरावांची नळी डोळ्यांसमोर येत होती. शेवटी शकुंतला सिस्टर आली आणि तिनं फ्रीज उघडून नळी माझ्या हातात कोंबली.

स्वच्छ. आधी रंग पाहिला. फिकट, गवताच्या काडीसारखा, जसा असायला हवा तसा. मग कोलेस्टेरॉल लावलं. एकशे ऐंशी. दोनदा लावलं. एकशे ऐंशी. म्हणजे म्हैस आटलेली नाही, चांगली चरून आलेली आहे. मी इतका मोठ्यानं ओरडलो, की रांगेतल्या माणसांना वाटलं साप निघाला. मुकुंद धावत आला. नळी पाहिली, मग बाही वर करत हळूच म्हणाला, "मायंही पाह्य एकदा." त्याचं रक्त काढताना माझा हात जरासुद्धा हलला नाही.

सायकल काढून घरी गेलो आणि कुसुमला डबलसीट घेऊन दवाखान्यात आलो. ती सारखी विचारत होती, काय झालं, काय झालं. मी सांगितलं नाही. नळी तिच्या हातात दिली. तिनं ती खिडकीकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली.

"याच्यात काय पाहू जी? काईच तं नाई दिसत."

"नाई दिसत ना?" मी म्हटलं. "तेच दाखवाले आणलं तुले."

ती पुन्हा पाहायला लागली. खूप वेळ पाहत राहिली. पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. बाहेर रांग खोळंबली होती.

"फेकून देता का हे?" तिनं विचारलं.

"फेकाच लागते. वास सुटते दोन दिवसानं."

"मंग आजच्या दिवस ठेवा," कुसुम म्हणाली.

मी ठेवली.